शिडांच्या जमान्यातला ब्रिटिश आरमारी अधिकारी: कथबर्ट कॉलिंगवूडच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजयदुर्ग किंवा सुवर्णदुर्गाचा इतिहास वाचताना इंग्रज कप्तानांची आणि ॲडमिरलांची नावे येतात आणि जातात. ही माणसे त्या पदापर्यंत पोचायची कशी, त्यांचा पगार काय, घरदार काय, बढती कोण देई, असे प्रश्न मला बरेच वाचक विचारतात. नुसते नियम सांगून ते चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. म्हणून एका माणसाची कारकीर्द धरून उत्तरे दिली आहेत. तो माणूस म्हणजे व्हाइस ॲडमिरल कथबर्ट कॉलिंगवूड.

नेल्सन सोडून कॉलिंगवूड का निवडला?

१८०५ मध्ये फ्रेंच-स्पॅनिश ताफ्याविरुद्धची ट्रफाल्गरची लढाई जिंकताना मारला गेलेला प्रसिद्ध ब्रिटिश ॲडमिरल नेल्सन हा अपवाद होता. कॉलिंगवूडच्या कारकिर्दीत मात्र त्या नोकरीची प्रत्येक पायरी, प्रत्येक अडवणूक आणि प्रत्येक किंमत दिसते. १७६१ मध्ये तो जहाजावर चढला आणि १८१० मध्ये जहाजावरच वारला. या जवळजवळ पन्नास वर्षांपैकी सुमारे चव्वेचाळीस वर्षे तो प्रत्यक्ष कामावर होता, आणि त्यातलीही बहुतेक मायदेशापासून दूर. मोठ्या लढाया त्याच्या वाट्याला तीन आल्या. तिन्हींचे तास मोजले तर दोन दिवससुद्धा भरत नाहीत. बाकीचा सगळा काळ पहारा, वाट पाहणे, पत्रे लिहिणे आणि वाऱ्याकडे डोळे लावणे. माझ्या मते त्या काळातल्या आरमारी अधिकाऱ्याची खरी कारकीर्द ती हीच.

मुले कितव्या वर्षी जहाजावर जात?

बारा-तेराव्या वर्षी. कॉलिंगवूडचा जन्म १७४८ चा, इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसलचा. वडील व्यापारी, पण हात आखडलेला. आईकडून नात्यातला रिचर्ड ब्रेथवेट हा 'शॅनन' या फ्रिगेटचा, म्हणजे मधल्या आकाराच्या वेगवान लढाऊ जहाजाचा, कप्तान होता, त्याने या पोराला जहाजावर घेतले. पहिल्या दिवशी तो एका कोपऱ्यात बसून रडत होता. जहाजावरच्या पहिल्या लेफ्टनंटने जवळ बसवून त्याची समजूत काढली, तेव्हा त्याने आपली पेटी उघडली आणि आईने बरोबर दिलेल्या केकचा मोठा तुकडा त्या लेफ्टनंटपुढे धरला. ही आठवण पुढे ॲडमिरल झालेला कॉलिंगवूड स्वतःच सांगत असे.

अशी मुले कागदोपत्री 'कप्तानाचा नोकर' म्हणून लावली जात. नोकरपणा नावापुरता असे, खरे तर ती शिकाऊ उमेदवारी होती. शिडाच्या दोरांची नावे, गाठी, डोलकाठीवर चढणे, होडी हाकणे, दुपारच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढणे, शिशाचे वजन सोडून पाण्याची खोली पाहणे, हे सगळे करता करता शिकायचे. मग मिडशिपमन, म्हणजे अधिकारी होण्याच्या वाटेवरचा उमेदवार.

एक लबाडीही सर्रास चालत असे. पोरगे घरी असताना त्याचे नाव जहाजाच्या हजेरीपटावर चढवून ठेवायचे, म्हणजे 'समुद्रावरची वर्षे' मोजायला सुरुवात होई. थॉमस कॉक्रेन हा नावाजलेला कप्तान प्रत्यक्ष समुद्रावर गेला सतराव्या वर्षी, पण त्याचे नाव लहानपणापासून जहाजांच्या पटावर होते.

लष्करातल्यासारखे पद विकत घेता येत होते का?

नाही. ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात पैसे मोजून हुद्दा घेता येई, आरमारात येत नसे. कारण सरळ होते. अडाणी कप्तान खडकावर जहाज घालील तेव्हा त्याच्याबरोबर सहाशे माणसे आणि सरकारचा लाखमोलाचा ऐवज बुडेल.

वशिला मात्र लागायचा, आणि तो भरपूर लागायचा. बढती देणारा ॲडमिरल कोणाचा कोण, मामा-काका कुठल्या खुर्चीवर, मतदारसंघ कोणाच्या ताब्यात, या सगळ्याला महत्त्व होते.

लेफ्टनंटची परीक्षा कशी असे?

ही परीक्षा १६७७ मध्ये आरमाराचा सचिव सॅम्युअल पेपीस याने सुरू करवली, आणि युरोपातल्या आरमारांचा विचार करता ती फार मोठी सुधारणा होती. घराणे कितीही उंच असो, किमान सहा वर्षे समुद्रावर काढल्याचे दाखले आणि कप्तानांसमोर तोंडी परीक्षा याशिवाय लेफ्टनंट होता येत नसे. प्रश्न कामाचे असत. वारा अमुक दिशेला आहे, किनारा जवळ आहे, समोरची डोलकाठी मोडली, आता काय करशील? गडबडला की सहा महिन्यांनी परत ये.

वयाची अट वीस वर्षांची. ती पाळली जाईच असे नाही. नेल्सन १७७७ च्या एप्रिलमध्ये पास झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता, आणि कागदावर त्याचे वय वीसच्या वर दाखवले होते. परीक्षा घेणाऱ्यांत त्याचा सख्खा मामा मॉरिस सकलिंग बसला होता. हा मामा आरमारी मंडळाचा कंट्रोलर, म्हणजे प्रमुख. दुसऱ्याच दिवशीच्या तारखेचे नेमणूकपत्र नेल्सनच्या हातात आले.

कॉलिंगवूडला असा मामा नव्हता. तो लेफ्टनंट झाला १७ जून १७७५ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. अमेरिकेत बॉस्टनजवळ बंकर हिलची लढाई झाली तो हा दिवस. आरमारी होड्यांतून सैन्याला रसद पोचवण्याचे काम त्याच्याकडे होते. ते चोख केले म्हणून हुद्दा मिळाला. म्हणजे जहाजावर चढल्यापासून चौदा वर्षांनी.

वरिष्ठांशी पटले नाही तर?

तर दिवस कठीण. कॉलिंगवूडने ते भोगले आहे. १७७६ मध्ये तो 'हॉर्नेट' नावाच्या छोट्या जहाजावर गेला. तिथला कप्तान हॅसवेल त्याला डोळ्यांसमोर सहन करीना. अखेर हॅसवेलने त्याच्यावर आज्ञाभंगाचा आणि कामचुकारपणाचा आरोप ठेवून लष्करी न्यायालयात खेचले. १७७७ मध्ये जमैकात खटला चालला. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, पण जाता जाता एक कानउघाडणीही केली: काम करताना तुझा चेहरा प्रसन्न दिसत नाही, तो दिसावा. निर्दोष सुटलेल्या माणसाला हसतमुख राहण्याचा हुकूम! तो हुकूम वाचला की मला त्या दोन वर्षांच्या घुसमटीची कल्पना येते. आयुष्यभर तो अबोल आणि राखून वागणाराच राहिला.

'पोस्ट कॅप्टन' म्हणजे काय, आणि त्याला एवढे महत्त्व का?

सगळ्यांत जास्त गोंधळ या शब्दावरून होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जहाज लहान असो की मोठे, त्याच्या प्रमुखाला सगळे खलाशी 'कॅप्टन'च म्हणत. पण हुद्द्याने कॅप्टन होणे वेगळे. लेफ्टनंटच्या वर कमांडर, म्हणजे छोट्या जहाजाचा मुख्य. आणि सुमारे वीस तोफांच्या वरच्या जहाजावर रीतसर नेमणूक झाली की माणूस पोस्ट कॅप्टन. त्या दिवसापासून त्याचे नाव ज्येष्ठतेच्या यादीत चढे. आणि यापुढची बढती फक्त आणि फक्त या यादीने. कर्तबगारी, वशिला, पराक्रम, काहीही असो, यादीत ज्याचे नाव वर तो आधी ॲडमिरल होणार. तुम्ही जिवंत राहायचे आणि वरचे लोक मरण्याची वाट पाहायची.

म्हणून खरी शर्यत असे ती या यादीत लवकरात लवकर शिरण्याची. तारखा पाहा. नेल्सन कॉलिंगवूडपेक्षा दहा वर्षांनी लहान, आरमारात आला तोही दहा वर्षांनी उशिरा, १७७१ मध्ये. पण जमैकाचा मुख्य ॲडमिरल सर पीटर पार्कर याची नेल्सनवर मर्जी होती. नेल्सन वर सरकला की त्याची रिकामी जागा कॉलिंगवूडला मिळे. 'लोस्टॉफ्ट'वर असे झाले, 'बॅजर'वर झाले आणि 'हिंचिनब्रुक' या २८ तोफांच्या जहाजावरही झाले. नेल्सन पोस्ट कॅप्टन झाला जून १७७९ मध्ये, कॉलिंगवूड मार्च १७८० मध्ये. नऊ महिन्यांचा फरक. ॲडमिरल एकेक करून नव्हे, यादीतल्या तुकड्या पाडून केले जात. त्यामुळे त्या नऊ महिन्यांची पुढे दोन वर्षे झाली: नेल्सन रिअर ॲडमिरल, म्हणजे ॲडमिरलांतल्या पहिल्या पायरीवर, गेला १७९७ मध्ये, कॉलिंगवूड १७९९ मध्ये. ट्रफाल्गरला हुकूम कोणी द्यायचा आणि कोणी पाळायचा, याचे एक मूळ पंचवीस वर्षांपूर्वीच्या या नऊ महिन्यांत आहे.

एवढे असून या दोघांत कधी मत्सर आला नाही. 

'हिंचिनब्रुक'वरची बढती फुकट मिळाली नाही. हे जहाज मध्य अमेरिकेत सान हुआन नदीच्या मोहिमेवर होते. तापाने माणसे पटापट गेली. दोनशे माणसांपैकी एकशे ऐंशी कॉलिंगवूडने पुरली. नेल्सनही तिथून मरणाच्या दारातून परतला. पुढच्याच वर्षी कॉलिंगवूडचे दुसरे जहाज 'पेलिकन' चक्रीवादळात खडकांवर फुटले. माणसे वाचली, तुटक्या फळ्यांचे तराफे करून वाळूच्या बेटावर पोचली आणि मदत येईपर्यंत थोड्याशा अन्नपाण्यावर दहा दिवस राहिली.

यादीचा एक तोटा उघड आहे. अयोग्य माणूसही वर चढत राही. त्यावर तोड काढली होती. ॲडमिरल तांबड्या, पांढऱ्या किंवा निळ्या ताफ्याचे असत, आणि निळ्याकडून तांबड्याकडे चढत जात. नको असलेल्या कप्तानाला ॲडमिरल तर करायचे, पण कुठलाच ताफा द्यायचा नाही. अशांना लोक 'पिवळे ॲडमिरल' म्हणत.

युद्ध नसताना हे लोक काय करत?

घरी बसत. जहाजे बंदरात उभी करून ठेवली जात, खलाशांना नोकरीतून मोकळे करत आणि अधिकारी अर्ध्या पगारावर जात. नेल्सनने अशी पाच वर्षे वडिलांच्या गावी काढली, ॲडमिरल्टीला, म्हणजे आरमाराच्या लंडनमधल्या मुख्य कचेरीला, अर्ज करत. कॉलिंगवूड १७८६ मध्ये वेस्ट इंडीजहून परतला आणि नॉर्थंबरलंडमध्ये गेला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला घरच्यांची नीट ओळख करून घेता आली, असे त्याने लिहिले आहे. १७९१ मध्ये त्याने न्यूकॅसलच्या एका प्रतिष्ठित घरातल्या सारा ब्लॅकेटशी लग्न केले, मॉर्पेथला घर घेतले. दोन मुली झाल्या, सारा आणि मेरी पेशन्स. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले आणि घरचा मुक्काम संपला.

पगार किती असे? आणि लुटीच्या पैशाचे काय?

साधारण खलाशाचा पगार १६५३ पासून १७९७ पर्यंत बदलला नव्हता. निष्णात खलाशाला महिन्याला, म्हणजे अठ्ठावीस दिवसांना, २४ शिलिंग. १७९७ मध्ये स्पिटहेडला ताफ्याने काम बंद ठेवले तेव्हा तो २९ शिलिंग ६ पेन्स झाला.

खरे आकर्षण होते पकडलेल्या जहाजांच्या किमतीचे. त्याचे आठ हिस्से करत. १८०८ पर्यंतच्या नियमाप्रमाणे तीन हिस्से कप्तानाचे, त्यातला एक त्याच्या वरच्या ॲडमिरलचा. लेफ्टनंट मंडळींचा एक, त्याखालच्या अधिकाऱ्यांचे दोन, आणि बाकी शेकडो खलाशांत मिळून दोन. १७९९ मध्ये चार ब्रिटिश फ्रिगेटनी खजिन्याने भरलेली दोन स्पॅनिश जहाजे पकडली. प्रत्येक कप्तानाला ४०,००० पौंडांहून जास्त मिळाले, प्रत्येक खलाशाला सुमारे १८२ पौंड. खलाशाचा तो नऊ वर्षांहून अधिक पगार होता, आणि तरीही कप्तानाच्या वाट्यापुढे तो काहीच नाही.

कॉलिंगवूडला असे घबाड कधी लागले नाही. मोठ्या लढाऊ जहाजांच्या कप्तानाच्या नशिबी नाकेबंदी असे. ब्रेस्ट या फ्रेंच बंदरासमोर हिवाळाभर घिरट्या घालून शत्रूला बंदरात कोंडून ठेवायचे, त्यात कोणते जहाज पकडणार?

जहाजावर शिस्त कशी ठेवत? सगळे फटक्यांवरच चाले का?

नऊ पदरी चाबूक प्रत्येक जहाजावर असे, आणि काही कप्तान तो रोज काढत. कॉलिंगवूडबद्दल मला सर्वांत जास्त आदर आहे तो इथे. फटक्यांचा त्याला तिटकारा होता. वय वाढले तसतसे त्याच्या जहाजावर फटके जवळजवळ बंद झाले. चुकलेल्या माणसाच्या दारूत पाणी जास्त, किंवा त्याने इतरांबरोबर न जेवता वेगळे जेवायचे, किंवा जादा काम. खलाशी म्हणत, त्यापेक्षा फटके परवडले! मिडशिपमन पोरांना त्याची सक्त ताकीद असे की कुठल्या खलाशाला 'ए' म्हणून हाक मारायची नाही. नाव माहीत नसेल तर 'खलाशी' म्हणा.

मवाळ म्हणून ढिला नव्हे. तोफांच्या कवायतीत त्याची बरोबरी फार थोड्यांनी केली असेल. 'ड्रेडनॉट' जहाजावर त्याने माणसे इतकी तयार केली की एका बाजूच्या सगळ्या तोफा साडेतीन मिनिटांत तीन वेळा झडत. शिवी न देता आणि चाबूक न काढता हे साधले, याला मी मोठे नेतृत्व म्हणतो. पण हेही सांगायला हवे की त्याच आरमारात हजारो माणसे बंदरातून जबरदस्तीने उचलून आणलेली असत. कप्तान दयाळू निघाला तरी त्यांची घरे तुटलेलीच राहत.

खाणे आणि आजारपण?

खारवलेले गोमांस व डुकराचे मांस, वाटाणे, ओटची पेज, दगडासारखी बिस्किटे, बिअर आणि पाणी घातलेली रम. लांबच्या सफरीत हिरड्या सुजून दात पडत, जुन्या जखमा उघडत, माणसे मरत. त्या स्कर्व्हीवर लिंबू-संत्र्याचा गुण जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये प्रयोग करून दाखवला. आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये. मधली अठ्ठेचाळीस वर्षे किती माणसे हकनाक गेली असतील! पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या नाकेबंद्या या रसामुळेच शक्य झाल्या.

त्याने पदक नाकारले, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १ जून १७९४ च्या फ्रेंचांशी झालेल्या लढाईत तो 'बार्फ्लर'वर होता. त्याचा ॲडमिरल जखमी झाल्यावर जहाज त्यानेच लढवले. पण ताफ्याचा मुख्य लॉर्ड हाऊ याच्या अहवालात ज्यांची नावे आली त्यांनाच सुवर्णपदके मिळाली, आणि कॉलिंगवूडचे नाव त्यात नव्हते. हा घाव त्याला खोल लागला.

१४ फेब्रुवारी १७९७ ला स्पॅनिश ताफ्याशी केप सेंट व्हिन्सेंटची लढाई झाली. कॉलिंगवूड ७४ तोफांच्या 'एक्सलंट'वर. नेल्सनचे 'कॅप्टन' हे जहाज कितीतरी मोठ्या स्पॅनिश जहाजांच्या घोळक्यात सापडून मोडकळीला आले होते. कॉलिंगवूडने मधे शिरून 'सान इसिद्रो'ला निशाण उतरवायला लावले. ते ताब्यात घेण्यात वेळ न घालवता तो तसाच पुढे गेला आणि 'सान निकोलास'वर इतक्या जवळून मारा केला की ते शेजारच्या 'सान होजे'मध्ये अडकले. मग नेल्सनने त्या दोन्हींवर चढाई केली आणि त्याचे नाव युरोपभर झाले. नेल्सनने लगोलग आभाराचे पत्र लिहिले.

आता पदक देऊ केले गेले. कॉलिंगवूड म्हणाला, १ जूनचे पदक अडवून ठेवले असताना हे मी घेणार नाही. तेव्हा ॲडमिरल्टीने दोन्ही पाठवली.

ट्रफाल्गरमध्ये त्याने नेमके काय केले?

२१ ऑक्टोबर १८०५. ब्रिटिशांची २७ जहाजे, फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३. नेल्सनने दोन रांगा केल्या. एक त्याची, दुसरी कॉलिंगवूडची. कॉलिंगवूड दहाच दिवसांपूर्वी १०० तोफांच्या 'रॉयल सॉव्हरिन'वर आला होता. तिच्या तळावर तांब्याचे नवे पत्रे होते, म्हणून मंद वाऱ्यातही ती बाकीच्यांच्या पुढे निघून गेली. दुपारच्या सुमारास ती एकटीच शत्रूच्या रांगेत घुसली आणि 'सांता आना'च्या मागच्या अंगाला तोफा डागल्या. मागची जहाजे येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे चार-पाच शत्रूजहाजे तिला भाजत होती. तो उमदा माणूस जहाज कसे घालतोय पाहा, असे नेल्सन 'व्हिक्टरी'वरून बघत म्हणाला.

नेल्सन पडला आणि सगळा भार कॉलिंगवूडवर आला. त्याच्या जहाजाच्या डोलकाठ्या गेल्या होत्या, म्हणून निशाणांचे हुकूम देण्यासाठी तो 'युरिआलस' फ्रिगेटवर गेला. जवळचा मित्र गेला, आणि समोर वादळ.

नांगर न टाकून त्याने चूक केली का?

यावर दोनशे वर्षे वाद आहे. मरताना नेल्सन सांगत होता, नांगर टाका. कॉलिंगवूडने लगेच टाकला नाही. त्यानंतरच्या वादळी आठवड्यात पकडलेल्या जहाजांपैकी चारच जिब्राल्टरला पोचली. बाकीची बुडाली, फुटली, परत शत्रूकडे गेली किंवा ब्रिटिशांनाच नष्ट करावी लागली. ज्या काही जहाजांनी नांगर टाकले ती तरली, असे टीकाकार दाखवतात, आणि ते खरे आहे.

पण अनेक जहाजांचे नांगराचे दोर तोफगोळ्यांनी तुटलेले होते आणि वारा त्यांना किनाऱ्याच्या खडकांकडे लोटत होता. त्या अवस्थेत ब्रिटिशांचे एकही जहाज बुडाले नाही. माझा कौल कॉलिंगवूडच्या बाजूला आहे. पकडलेल्या जहाजांपेक्षा त्याने आपल्या माणसांची जहाजे राखली. शिवाय जखमी स्पॅनिश कैदी त्याने काडिझ या स्पॅनिश बंदराला परत पाठवले आणि तिथल्या गव्हर्नरनेही किनाऱ्याला लागलेल्या इंग्रजांची काळजी घेतली. बुडालेल्या बक्षिसापोटी पार्लमेंटने ताफ्याला ३,००,००० पौंड मंजूर केले.

विजयाची आणि नेल्सनच्या मृत्यूची बातमी देणारा त्याचा अहवाल 'पिकल' या छोट्या स्कूनरने नेला. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर तो लंडनला पोचला.

त्यानंतर तो निवृत्त का झाला नाही?

होऊ दिले नाही. त्याला बॅरन केले, वर्षाला २,००० पौंडांचे पेन्शन दिले आणि भूमध्य समुद्राचा मुख्य करून तिथेच ठेवले. ही जबाबदारी नुसत्या ताफ्याची नव्हती. सिसिलीचा दरबार, तुर्कस्तान, उत्तर आफ्रिकेचे सुलतान, स्पेनमधले बंडखोर, सगळ्यांशी पत्रव्यवहार त्याच्याच टेबलावर. एकदा तर तो सलग बावीस महिने नांगर न टाकता समुद्रावर होता.

१८०८ मध्ये तब्येत ढासळल्यावर त्याने सुटका मागितली. उत्तर आले की तुमच्या जागी घालण्यासारखा माणूस दिसत नाही, राहा. तो राहिला. मार्च १८१० मध्ये अखेर परवानगी मिळाली तेव्हा मिनोर्काहून त्याचे 'व्हिल द पारी' निघाले, आणि दुसऱ्याच दिवशी, ७ मार्चला, तो समुद्रावर वारला.

बायको-मुलींना तो कधी भेटला?

१८०३ मध्ये घर सोडले ते सोडलेच. शेवटची सात वर्षे त्याने मॉर्पेथ पाहिले नाही.

आधीच्या भेटीही अशाच. १८०१ च्या हिवाळ्यात सारा लहान मुलीला घेऊन देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, प्लिमथला, त्याला भेटायला आली. त्याच दुपारी त्याला ताबडतोब समुद्रावर जाण्याचा हुकूम मिळाला होता. तो नेल्सनकडे जेवायला बसला असताना त्या आल्याची वर्दी आली. तो धावतच खानावळीत गेला. एक संध्याकाळ मिळाली, आणि उजाडायला तो जहाजावर.

उरली ती पत्रे. त्यांत बागेतली झाडे कशी वाढताहेत, भिंतीची डागडुजी झाली का, अशी विचारपूस असते. मुलींना गणित आणि खगोलशास्त्र शिकवा, म्हणजे सृष्टीचे सौंदर्य त्यांना कळेल, असे तो बायकोला लिहितो. त्या काळच्या बापाकडून हे ऐकून मला नेहमी बरे वाटते. जहाजावर सोबतीला 'बाउन्स' नावाचा कुत्रा होता. तोफांना तो घाबरायचा. १८०९ मध्ये तोही समुद्रात पडून गेला. मुलगा नसल्यामुळे किताब मुलींकडे जावा अशी त्याची विनंती होती, ती मान्य झाली नाही आणि बॅरनपद त्याच्याबरोबर संपले.

सुटीवर घरी असला की फिरताना खिशात ओकची फळे ठेवायचा आणि मोकळी जागा दिसली की एखादे पेरायचा. जहाजांना पुढे लाकूड कमी पडू नये म्हणून.

विजयदुर्गावर आलेला वॉटसन याच आरमाराचा का?

हो. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईचे आरमार वेगळे होते. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा विल्यम जेम्स हा कंपनीचा नोकर. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर चालून आलेला रिअर ॲडमिरल चार्ल्स वॉटसन मात्र राजाच्या आरमाराचा, म्हणजे कॉलिंगवूडच्या आधीच्या पिढीतला. त्याचा मामा सर चार्ल्स वेजर ॲडमिरल्टीचा प्रमुख होता, आणि वॉटसन चोविशीच्या आत कप्तान झाला होता. वशिल्याचे वर जे सांगितले ते इथेही दिसते.

आठ हिश्श्यांची ती पद्धतही इथे दिसते. किल्ल्यावर गोळा डागण्याआधी मुंबईत बसून लूट कशी वाटायची ते ठरले होते. क्लाइव्हला जास्त वाटा हवा होता, तेव्हा कमी पडेल ते माझ्या हिश्श्यातून देतो, असे वॉटसन म्हणाला. दोस्त म्हणून आलेल्या पेशव्यांच्या सैन्याला मात्र त्यात काहीच नव्हते. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याखालीच जळून गेले. विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून वाघोटन खाडीकडे पाहताना ही आग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वॉटसन पुढच्याच वर्षी कलकत्त्यात वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत कंपनीने त्याचे स्मारक उभारले. त्यावर विजयदुर्गाचे नाव इंग्रजांच्या उच्चाराप्रमाणे 'घेरिया' असे कोरलेले आहे.

नेल्सन मुंबईला आला होता हे खरे का?

आला होता, पण तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हते. 'सीहॉर्स' या जहाजावरचा तो सोळा-सतरा वर्षांचा मिडशिपमन होता. १७७५ मध्ये हैदर अलीच्या जहाजांशी झालेली चकमक ही त्याची पहिली लढाई. पुढे तापाने इतका खंगला की १७७६ मध्ये त्याला 'डॉल्फिन' जहाजाने इंग्लंडला परत पाठवले.

आज यातले काय पाहता येते?

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात कॉलिंगवूडची कबर नेल्सनच्या शेजारी आहे. टाइन नदीच्या मुखाशी, टाइनमथला, त्याचा उंच पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे आणि पायाशी 'रॉयल सॉव्हरिन'च्या चार तोफा आहेत. तिकडे गेलात तर थोडे दक्षिणेला हार्टलपूलला अवश्य जा. तिथे 'त्रिंकोमाली' नावाची फ्रिगेट अजून पाण्यावर तरंगते. ती मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाने वाडियांनी बांधली, १८१७ मध्ये पाण्यात सोडली. त्याच गोदीतून १८१० मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी ७४ तोफांचे 'मिंडन' बांधून दिले होते. डेकवर चढलात की खाली वाकून फळ्यांना हात लावून पाहा. दोनशे वर्षांनंतरही लाकूड आपल्याकडचे आहे.